आधी पाइप, मग पॅनेल : सामायिक गरम पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

थंडीचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गरम पाण्याच्या तक्रारी वाढतात. म्हाडाच्या इमारती, कामगारांच्या गृहनिर्माण संस्था आणि शासकीय वसाहती यांच्या गच्च्यांवर दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेल्या सामायिक सोलर यंत्रणा आता थकू लागल्या आहेत आणि त्यांचे पुढे काय करावे, असा प्रश्न सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक सभासदांना पडला आहे. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमची इमारत म्हाडाच्या अल्प उत्पन्न गटातील असून तळमजला आणि वर तीन मजले मिळून तीत २४ सदनिका आहेत. संस्थेने २०१२ साली स्वखर्चाने गच्चीवर २,५०० लिटरची सामायिक सोलर यंत्रणा बसवली. वरच्या मजल्यांना पाणी कडकडीत मिळते, परंतु तळमजल्यावर दोन-अडीच बादल्या गार पाणी सोडून द्यावे लागते आणि त्यानंतरही पुष्कळदा ते कोमटच येते. जुनी यंत्रणा काढून ४,००० लिटरची नवी बसवावी, असे एका पुरवठादाराने सुचवले आहे. सभासदांची ऐपत बेताची आहे. काय करावे?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, सातारा

उत्तर : नव्या यंत्रणेची मागणी तूर्त नोंदवू नये. वरच्या मजल्यांना कडकडीत पाणी मिळते, याचाच अर्थ गच्चीवर पाणी तापते आहे. २,५०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ११६ युनिट विजेइतकी उष्णता लागते आणि साताऱ्यातील निरभ्र हिवाळी दिवसाचे ऊन, पॅनेल धडधाकट असतील तर, तेवढे काम करून देते. २४ कुटुंबांना प्रत्येकी १०० लिटर हा हिशेबही वावगा नाही. आपली अडचण टाकी आणि नळ यांच्या मधल्या अंतरात आहे.

ती मोजून पाहणे अवघड नाही. ४० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे सव्वा लिटर, तर २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. टाकीपासून जिन्याच्या टोकापर्यंत गच्चीवर ३० मीटर जाड पाइप गेला असेल आणि तेथून तळमजल्यापर्यंत १२ मीटर उभा पाइप उतरत असेल, तर त्यात ४३ लिटरच्या आसपास पाणी रात्रभर गार होत पडून राहते. आपल्या पत्रातील दोन-अडीच बादल्या त्या याच. टाकी ४,००० लिटरची केली, म्हणून त्यातले एक तांब्याभर पाणीही कमी होणार नाही. उलट मोठ्या टाकीला पुरवठादार बहुधा आणखी जाड पाइप जोडेल आणि सोडून द्यावे लागणारे पाणी वाढेल.

आता गच्चीवर जाऊन पाइपाचे वेष्टण पाहावे. दहा-बारा वर्षे ऊन आणि पाऊस खाल्लेला काळा फोम हाताने चुरगळला की त्याची भुकटी होते आणि वळणांच्या जागी तर बहुतेक इमारतींत पाइप उघडाच दिसतो. असा उघडा पाइप थंडीच्या पहाटे मीटरमागे ५० ते ६० वॅट उष्णता हवेत सोडतो, म्हणजे ३० मीटरला एका लहान गीझरइतकी उष्णता सतत वाया जाते. २५ मिलिमीटर जाडीचे चांगले वेष्टण आणि त्यावर ऊन सोसणारे ॲल्युमिनियमचे किंवा जाड पत्र्याचे आवरण घातले, तर हा ऱ्हास पाचव्या हिश्शावर येतो. आवरणाशिवाय नुसता फोम गुंडाळणारे कंत्राटदार पुष्कळ भेटतात; तसले काम दोन उन्हाळेदेखील टिकत नाही.

दोन-अडीच बादल्या सोडल्यावरही पाणी कोमट येते, त्याचे कारण मात्र निराळे असण्याचा दाट संभव आहे आणि ते सहसा कोणी तपासत नाही. न्हाणीघरातील मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढे हँडशॉवरच्या टोकाला पाणी बंद करण्याची सवय एखाद्या घरात असेल, तर गार पाण्याच्या टाकीचा दाब जास्त असल्यामुळे त्या मिक्सरमधून गार पाणी गरम पाण्याच्या पाइपमध्ये शिरते. एका घरातील उघड्या मिक्सरमुळे त्या उभ्या पाइपावरील सगळ्या घरांचे पाणी कोमट होऊ शकते. याची परीक्षा अशी : गच्चीवरील सोलर टाकीचा बाहेर जाणारा वॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि तळमजल्यावरील गरम पाण्याचा नळ उघडावा. पाइपात साचलेले पाणी निघून गेल्यावर धार थांबली पाहिजे. ती थांबली नाही, तर कोठून तरी गार पाणी आत येत आहे, असे समजावे आणि एकेका घराचा कॉक बंद करत तो दोषी मिक्सर शोधून काढावा. प्रत्येक घराच्या गरम पाण्याच्या जोडणीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा एकेक नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवला की हा उपद्रव कायमचा थांबतो.

यानंतरही तळमजल्याला तिष्ठत राहावे लागू नये म्हणून परतीचा पाइप घालावा. उभ्या पाइपाच्या तळाशी एक बारीक पाइप जोडून तो पुन्हा टाकीकडे न्यायचा आणि त्यावर लहान पंप बसवायचा, म्हणजे पाइपातील गार झालेले पाणी वाया न जाता टाकीत परत जाते. पंप चोवीस तास चालवला, तर टाकीतील उष्णता पाइपांतून हवेत जाईल. म्हणून पहाटे पाच ते आठ या वेळेपुरता टायमर आणि परतीचे पाणी गरम झाले की पंप बंद करणारा थर्मोस्टॅट हे दोन्ही हवेत. आपल्याकडे उभे पाइप एकाहून अधिक असतील, तर प्रत्येकाच्या परतीवर प्रवाह जुळवून घेणारा वॉल्व्ह लागेल, अन्यथा जवळच्या जिन्यात पाणी फिरेल आणि लांबचा जिना होता तसाच गार राहील. वेष्टण घालण्यापूर्वी परतीचा पाइप बसवला, तर पंप केवळ गच्ची तापवत बसेल.

टाकी आणि नळ्यांचीही तपासणी या निमित्ताने करून घ्यावी. आपली यंत्रणा काचेच्या नळ्यांची असेल, तर नळीच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत थर दिसतो. तो पांढरट पडला असेल, तर त्या नळीतील निर्वात पोकळी संपली आहे आणि ती नळी उन्हात असूनही पाणी नीट तापवत नाही. अशा नळ्या सुट्या बदलता येतात. त्यासाठी सगळी यंत्रणा मोडीत काढावी लागत नाही. टाकीसाठी सूर्यास्तानंतर वॉल्व्ह बंद करून पाण्याचे तापमान नोंदवावे आणि पहाटे कोणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा नोंदवावे. एवढ्या मोठ्या टाकीत फरक पाच-सहा अंशांहून जास्त आढळला, तर तिच्या आवरणात पाणी शिरले आहे. अशा टाकीचे सांधेही पाझरू लागले असतील, तर ती बदलावीच लागेल आणि तशी वेळ आली, तर एका मोठ्या टाकीऐवजी प्रत्येक जिन्याच्या डोक्यावर एकेक लहान टाकी घ्यावी, असे माझे मत आहे. एकच मोठी टाकी बसवण्यात पुरवठादाराची सोय असते. रहिवाशांची सोय टाकी नळाच्या जवळ असण्यात आहे.

४,००० लिटर पाण्याचेच वजन चार टन भरते, त्यामुळे भार वाढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घेतल्याशिवाय ठराव मांडू नये. इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण, संस्थेच्या नावे झालेले नसेल, तर म्हाडाच्या पुणे मंडळाकडेही विचारणा करावी. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच मंडळाच्या कक्षेत येतात. खर्चासाठी आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दराने दरवर्षी जमा होणारा दुरुस्ती निधी आणि पाव टक्का दराने जमा होणारा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी, असे दोन स्रोत आपल्याकडे असायला हवेत. वेष्टण, वॉल्व्ह आणि पंप ही कामे दुरुस्ती निधीतून व्हावीत. सिंकिंग फंडाला हात लावायचा, तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची पूर्वपरवानगी लागते.

प्रश्न : आमची यंत्रमाग कामगारांची १६ घरांची सोसायटी आहे. सहा सभासदांनी घरात स्वतःचे गीझर बसवले असून ते सामायिक सोलरच्या दुरुस्तीचा खर्च द्यायला नकार देतात. उरलेल्यांतही ज्यांच्या घरी सात-आठ माणसे आहेत, ते आणि दोनच माणसांचे कुटुंब सारखीच वर्गणी भरतात. न्याय्य वाटणी कशी करावी?
— एक सभासद, विटा, जि. सांगली

उत्तर : आपण दोन प्रश्न एकत्र केले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

सोलर यंत्रणा ही संस्थेची सामायिक मालमत्ता आहे आणि ती चालू स्थितीत ठेवण्याचा खर्च, एखादा सभासद ती वापरो वा न वापरो, सगळ्यांनी उचलायचा असतो. तळमजल्यावरील सभासद लिफ्टने जात नाही, तरी लिफ्टचा खर्च सगळ्यांवर समान बसतो. तेव्हा त्या सहा जणांना दुरुस्तीच्या खर्चातून वगळता येणार नाही. मात्र त्यांच्यावर वसुलीची नोटीस काढण्यापूर्वी त्यांनी गीझर का बसवले, हे समितीने त्यांच्या घरी जाऊन विचारावे. सोलर फुकट मिळत असताना कोणी विजेचे बिल हौसेने वाढवून घेत नाही. ती सहा घरे एकाच उभ्या पाइपावरची किंवा टाकीपासून सर्वांत लांबची निघाली, तर आपल्या वादाचे मूळ हिशेबाच्या वहीत नसून पाइपात आहे.

वापराच्या वाटणीसाठी जर्मनीतील पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथे सामायिक उष्णतेच्या खर्चाचा नियम १९८१ पासून लागू आहे आणि त्यानुसार खर्चाचा किमान ५० व कमाल ७० टक्के हिस्सा प्रत्यक्ष वापराप्रमाणे आणि उरलेला घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जातो. सगळा खर्च मीटरवर टाकत नाहीत, याचे कारण असे की टाकीतून आणि पाइपांतून होणारा ऱ्हास कोणाच्याही वापरावर अवलंबून नसतो. ती सगळ्यांची सामायिक जबाबदारी असते. आपल्याकडे सोलरचे ऊन फुकट असले, तरी पावसाळ्यात ऊन नसताना पाणी तापवणारे विजेचे कॉइल, पंप आणि पाणी यांचा खर्च असतोच. निम्मा खर्च सर्व घरांवर समान आणि निम्मा मीटरप्रमाणे, असा ठराव आपल्या सोसायटीला मानवेल, असे वाटते.

मीटर बसवताना तो गरम पाण्यासाठी बनवलेलाच घ्यावा, कारण गार पाण्याच्या साध्या मीटरचे प्लॅस्टिकचे भाग साठ अंशांच्या पाण्यात लवकर खराब होतात. जुन्या इमारतींत न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे पाइप निरनिराळ्या ठिकाणांहून येत असतील, तर प्रत्येक घराला दोन मीटर लागतील आणि खर्च दुप्पट होईल. ते पाहूनच अंदाजपत्रक मागवावे. आणखी एक गोष्ट, जी मीटर विकणारा सांगणार नाही : परतीचा पाइप नसलेल्या इमारतीत मीटर बसवला, तर तळमजल्यावरचा माणूस सोडून दिलेल्या गार पाण्याचे पैसे गरम पाण्याच्या दराने भरत राहील. त्याने तरी गप्प का बसावे? आधी पाणी वेळेवर पोहोचवावे, मग मोजावे.

प्रश्न : आमच्या वसाहतीत बोअरचे पाणी आहे. दर वर्षी सोलरमध्ये क्षार साचतात. दुकानात मिळणाऱ्या ॲसिडने टाकी धुवावी, असे प्लंबर सांगतो. ते योग्य आहे का?
— एक वाचक, कुपवाड, जि. सांगली

उत्तर : नाही. फरशी धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रे पडतात. क्षार काढायचेच असतील, तर सल्फॅमिक आम्लाचे सौम्य द्रावण जाणकाराकडून वापरून घ्यावे आणि नंतर टाकी भरपूर पाण्याने धुवावी.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आपल्या बोअरचे पाणी तपासून घ्या. पाणी जितके जास्त तापते तितका चुन्याचा थर वेगाने धरतो, त्यामुळे ज्या पाण्याने गार टाकीत काही बिघडत नाही, तेच सोलरमध्ये नळ्या बुजवते. स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे महापालिकेचे कृष्णेचे पाणी जेवढे येते, ते स्वतंत्र टाकीत घेऊन केवळ सोलरला द्यावे आणि बोअरचे पाणी शौचालय, धुणे व बागेसाठी ठेवावे. त्यासाठी बहुतेक इमारतींत गच्चीवरील जोडणी बदलणे पुरेसे होते. तसे करणे अशक्य असेल तरच पाण्याची कठीणता कमी करणारे मृदुकरणाचे यंत्र घ्यावे किंवा पुढच्या खेपेस हीट एक्स्चेंजर असलेली यंत्रणा घ्यावी, जीत पॅनेलमधून फिरणारे पाणी तेच ते राहते आणि वापराचे पाणी त्याला स्पर्श करत नाही.

प्रश्न : माझी मुलगी लंडनमध्ये स्थानिक प्रशासनाच्या मालकीच्या इमारतीत भाड्याने राहते. तेथे सगळ्या इमारतीला एकाच बॉयलरमधून उष्णता मिळते. आता पाइप आणि घरातील यंत्रे बदलणार असल्याची सूचना तिला आली आहे आणि बिल वाढेल अशी तिला धास्ती वाटते. असे सामायिक जाळे वाईट असते का?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जाळे वाईट नसते; दुर्लक्षित जाळे वाईट असते. लंडनमध्ये अशा जाळ्याचे सर्वांत जुने मोठे उदाहरण पिम्लिको भागात १९५० साली सुरू झाले. थेम्सच्या पलीकडे असलेल्या बॅटरसी वीज केंद्रात वाया जाणारी उष्णता पाण्यावाटे नदीखालून आणून चर्चिल गार्डन्स या नव्या सार्वजनिक वसाहतीला पुरवण्यात आली आणि गरम पाणी साठवण्यासाठी उंच काचेचा मनोरा उभारण्यात आला, जो आजही दिसतो. वीज केंद्र १९८३ साली बंद झाल्यावर जाळ्याला स्वतःचे बॉयलर घ्यावे लागले. कल्पना नामी होती आणि आहे, कारण जी उष्णता नदीत किंवा हवेत जायची, ती घरांत पोहोचते.

परंतु अशा अनेक जुन्या जाळ्यांत पाइप जमिनीखाली आणि व्हरांड्यांत दशकानुदशके उष्णता गळत राहिले आहेत. सामायिक व्हरांडे उन्हाळ्यातसुद्धा तापलेले राहतात आणि घरात मीटर नसल्याने कोणी किती वापरले, हे कळत नाही. खोली फार तापली तर लोक खिडकी उघडतात. सुधारणेच्या कामात सहसा पाइपांना नवे वेष्टण घालतात, बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान खाली आणतात, प्रत्येक घरात जाळ्यातील पाणी आणि घरातील पाणी वेगळे ठेवणारी एक पेटी बसवतात व तिला उष्णतेचा मीटर जोडतात. साताऱ्याच्या सचिवांना जे सांगितले, त्याचेच हे मोठे रूप आहे.

आपल्या मुलीची धास्ती निराधार नाही. ब्रिटनमध्ये घरगुती गॅस आणि विजेच्या दरांवर असलेली कमाल मर्यादा सामायिक उष्णतेच्या जाळ्यांना लागू नाही, त्यामुळे २०२२ च्या दरवाढीत अशा इमारतींतील भाडेकरू चांगलेच होरपळले. त्यानंतर २०२३ च्या ऊर्जा कायद्याने या जाळ्यांचे नियमन ऑफजेम या ऊर्जा नियामकाकडे सोपवले आणि जानेवारी २०२६ पासून ते प्रत्यक्ष सुरू झाले. तिने घरमालकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : बिलात स्थिर आकार किती आणि युनिटचा दर किती असेल, बदलापूर्वी आणि बदलानंतर पाइपांतील ऱ्हास किती धरला आहे, आणि दुरुस्ती चालू असताना उष्णता बंद राहिली, तर पर्यायी सोय कोणती. स्थिर आकार अवाजवी मोठा असेल, तर काटकसर करूनही तिचे बिल फारसे उतरणार नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्याशिवाय गप्प बसू नये, असे तिला कळवावे.

प्रश्न : पावसाळ्यात सोलरचे कॉइल चालवून सोसायटीचे वीजबिल फुगते. अध्यक्षांनी थर्मोस्टॅट ४५ अंशांवर आणून ठेवला आहे. हीट पंप घ्यावा, असेही काही सभासद म्हणतात. आमच्याकडे वयस्कर मंडळी बरीच आहेत.
— एक सभासद, कऱ्हाड, जि. सातारा

उत्तर : थर्मोस्टॅट आजच्या आज ६० अंशांवर न्यावा. २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसांत गेले, तर वयस्करांना गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका संमेलनात झालेल्या साथीमुळे या जिवाणूंची ओळख पटली. ६० अंशांना ते टिकत नाहीत. अर्थात एवढे गरम पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून नळाशी गार पाणी मिसळूनच ते घ्यावे आणि लहान मुलांच्या न्हाणीघरात तापमान मर्यादित करणारा मिक्सर बसवावा.

बिल वाचवण्याची जागा दुसरी आहे. सकाळच्या अंघोळीपुरते पाणी लागत असताना कॉइलने पूर्ण टाकी दिवसभर तापती ठेवू नये. पहाटे वापर सुरू होण्याच्या बेताने पाणी तयार होईल, असा टायमर लावावा. हीट पंप हवेतील उष्णता ओढून घेत असल्याने आपल्या हवामानात एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. पावसाळ्यात २,५०० लिटर पाणी २४ वरून ६० अंशांपर्यंत नेण्यास कॉइलला १०५ युनिट लागत असतील, तर हीट पंपाला ३५ च्या आसपास पुरतील. वर्षातून तीन-चार महिनेच उपयोग होणार असल्यामुळे लहान सोसायटीला त्याची किंमत वसूल व्हायला वेळ लागतो, पण ४०-५० घरांच्या वसाहतीने तो अवश्य विचारात घ्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या वीजनिर्मिती पॅनेलसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते पाणी तापवण्याच्या सोलरला मिळत नाही, मात्र त्या पॅनेलची वीज हीट पंपाला आणि परतीच्या पंपाला वापरता येते.